आडदांडची वादी

स्टेनवोरने तंबूच्या खांबाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली लापशीची वाटी तिरपी झाली. आडदांड खांबावर होती, म्यानातच होती, पण तिची वादी गायब होती.

आडदांड म्हणजे त्यांच्या घरातली पणजोबांपासूनची तलवार. नाव जबरदस्त, पण आजवर तिने एका मेंढीची शेपूट तेवढी कापली होती, तीही चुकून. तरीही ती कमरेला नसली की बाबांना अंगावर कपडेच नसल्यासारखं वाटायचं. खोऱ्यातल्या सगळ्याच पुरुषांचं आपापल्या तलवारीबाबत असंच होतं. म्हणूनच उन्हाळ्यात खाडीकाठी सभा भरली की प्रत्येक तलवारीची मूठ म्यानाला चामड्याच्या वादीने बांधून टाकत. भांडा हवं तेवढं, पण पातं बाहेर काढायचं नाही. वादी सोडलेली दिसली, तर तीन हिवाळे देशाबाहेर.

मुलांना मात्र सभा म्हणजे सुट्टी. दूध काढणं नाही, शेतातले दगड वेचणं नाही. काल स्टेनवोर, तिचा धाकटा भाऊ कारी आणि शेजारची हाल्ला पोहून पोहून निळे पडले होते. संध्याकाळी बाबा आणि हाल्लाचे वडील, ग्लूमकाका, कुरणाच्या हद्दीवरून इतके कडाडून भांडले की पलीकडच्या काठावरचे लोक ऐकायला जमले. आणि आज सकाळी वादी नाही. लोकांना आणखी काय हवं?

थिद्रांडी आजोबा आले. खोऱ्याचा सगळा कायदा त्यांना तोंडपाठ होता, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता. त्यांनी मूठ निरखली. बाबांनी शपथेवर सांगितलं, "मी हात लावला नाही."

"मग तिने स्वतःच सोडली वाटतं," आजोबा म्हणाले, आणि निकाल दुपारी सभेत द्यायचं ठरलं.

बाबा खाली बसले आणि उगाचच पेटीतले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालू लागले. तीन हिवाळे! बाबा परत येतील तेव्हा कारीला ते ओळखू तरी येतील का?

एवढ्यात हाल्ला धावत आली. "माझ्या बाबांवर संशय असेल तर तोंडावर सांग. ते पहाटेपर्यंत घोरत होते. मी अजिबात झोपलेली नाही, म्हणून ठाऊक."

"खारट आहे," कारी मध्येच म्हणाला. तो तलवारीची मूठ चाटत होता. कारी सगळंच चाटायचा.

स्टेनवोर त्याला ओढायला गेली आणि थबकली. वादी जिथे बांधलेली होती, तिथे मिठाचा पांढरा थर जमला होता. हाल्लाने खांबाखाली बोट दाखवलं. तिथे काळ्या, गोल, ताज्या लेंड्या पडल्या होत्या.

मग हाल्लाला आठवलं. यंदाच्या नव्या वाद्या आजोबांनी स्वतः कापल्या होत्या. घाईघाईत खाऱ्या पाण्याच्या पिंपातून कातडं काढलं आणि न धुताच कापायला घेतलं. आणि त्यांचं पोट नाजूक म्हणून दुधाला आणलेली त्यांची शेळी, ड्रिफा, सगळीकडे मोकाट फिरत होती.

तिघं धावत सांगायला गेले. आजोबांनी ऐकून घेतलं आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "ड्रिफा सभ्य घरातली आहे. पळा, खेळा."

दुपारी मैदानाभोवती काठ्या रोवून दोर ताणला गेला. तो ओलांडायला कुणालाच परवानगी नव्हती. आजोबांनी आपली तलवार मागच्या शिळेला टेकवली, डोळे मिटले आणि कायदा म्हणायला सुरुवात केली. त्यांना मध्येच थांबवणं हाही गुन्हाच होता.

"दोर कुणीही ओलांडायचा नाही," हाल्ला कुजबुजली. "शेळीबद्दल काही म्हटलेलं नाही ना?"

स्टेनवोरने जवळच चरणाऱ्या ड्रिफाला दोराखालून आत ढकललं.

ड्रिफाने आधी गवत खाल्लं. मग कुणाच्या तरी अंगरख्याचा वास घेतला. मग नुसतीच उभी राहिली. सकाळी पोट भरलं असेल तर? आजोबा शिक्षेच्या कलमापर्यंत आले होते. बाबा स्टेनवोरकडेच पाहत होते.

ड्रिफाचं नाक हललं. ती रमतगमत शिळेपाशी गेली आणि चघळायला लागली.

सगळ्या सभेने पाहिलं. बोलायची सोय नव्हती. हसू दाबायला ग्लूमकाकांनी दाढी तोंडात कोंबली.

"…मग तो कितीही मोठा असो," आजोबांनी शेवट केला आणि डोळे उघडले, "तीन हिवाळे देशाबाहेर."

"आजोबा," स्टेनवोरने दोराबाहेरून विचारलं, "तुमच्या तलवारीची वादी कुठे आहे?"

आजोबा वळले. वादीचं टोक ड्रिफाच्या ओठांतून आत चाललं होतं.

"मी हात लावला नाही," ते म्हणाले. आणि मग सकाळी हेच शब्द कुणी म्हटले होते, ते त्यांना आठवलं.

सर्वांत आधी भाला ढालीवर आपटला तो ग्लूमकाकांनी. मग सगळ्यांनी आपटले. भाले वाजले म्हणजे सभेला मान्य. बाबा सुटले होते. त्यांनी स्टेनवोरला इतकं घट्ट धरलं की तिच्या गालावर आडदांडच्या मुठीचा छाप उमटला.

आजोबांनी तिला जवळ बोलावलं. "सकाळी मी तुमचं ऐकायला हवं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून तू माझ्याकडे कायदा शिकायला ये. डोळे उघडे ठेवणारं कुणीतरी हवं." कारीच्या जिभेचंही कौतुक झालं.

मग त्यांनी हुकूम सोडला, की शेळीला ताबडतोब बांधा, आणि पिंपातून एक मजबूत वादी आणा.

"आजोबा," स्टेनवोर म्हणाली, "दोर आणायला सांगा."