लाटेचा वाटा

मंत्री आले, उद्योगपती आले, की डॉ. हेमांगी तोरसकर त्यांच्यासमोर पाण्याने भरलेली पितळी परात ठेवत असे. परात तिच्या आईची. तिच्या मधोमध बारीक काड्यांचं एक कडं उभं केलेलं होतं. एका काठावर टिचकी मारली, की पाण्यावर तरंग उठत, कड्यापाशी येऊन दोन्ही बाजूंनी वळसा घालत आणि पुढे निघून जात. कड्याच्या आतलं पाणी ढिम्म राही. पाहुणे टाळ्या वाजवत आणि चहाकडे वळत. परातीच्या पलीकडच्या काठाकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

डॉ. इक्बाल मुकादम यांनी बघितलं. ते भूकंपशास्त्रज्ञ होते आणि गेले काही आठवडे जाणवणाऱ्या बारीक धक्क्यांची तपासणी करायला आले होते. त्यांनी पलीकडे जाऊन टेबलावर बोट टेकवलं.

"इथे ओलं झालंय."

"होणारच," हेमांगी म्हणाली. "वळसा घातलेले दोन्ही तरंग तिथे भेटतात. शिखरावर शिखर चढतं. पाणी उसळून बाहेर येतं."

"मला समजेल असं बोला बुवा," प्रकल्पाचे प्रशासक बर्दापूरकर म्हणाले. प्रकल्प त्यांच्या सहीने चालत असे. तो कशाने चालतो, हे जाणून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मुकादम हसले. "साहेब, भूकंप झाला की जमिनीतून दोन जातींचे तरंग निघतात. पहिला अनुतरंग. हा माती पुढे ढकलतो आणि मागे ओढतो. वेगाने येतो, पण फार नासधूस करत नाही. त्याच्या मागून येतो अवतरंग. तो जमीन आडवी हलवतो. घरं पाडतो तो हा."

"आणि अवतरंग द्रवातून जाऊ शकत नाही," हेमांगी म्हणाली. "घन पदार्थ आडवा सरकवला तर तो परत ओढून धरतो, म्हणून लाट पुढे जाते. द्रवाला तशी ओढच नसते. म्हणून आपण शहराभोवती खोल नळ्यांचं कडं खणलं आणि त्यात थिजद्रव भरला. एरवी तो पाण्यासारखा, वीज सोडली की खडकासारखा. द्रव असला की लाट शहरात शिरत नाही, कड्याला वळसा घालते."

"मग झालं तर," बर्दापूरकर म्हणाले.

"नाही झालं. लाटेची ऊर्जा संपत नाही साहेब," मुकादम म्हणाले. "ती फक्त जागा बदलते. शहराचा वाटा कुणाच्या तरी ताटात पडतो. नकाशावर ते ताट कुठे धरलंय?"

हेमांगीने भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. प्रकल्प आखला तेव्हा एकच मोठा भ्रंश, जमिनीच्या पोटातली भेग, ठाऊक होता, पश्चिमेला समुद्राखालचा. तिकडून लाट येणार, म्हणजे ती पूर्वेच्या कातळावर एकवटणार. तिथे चिटपाखरू राहत नव्हतं. शहर ज्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, उभं राहिलं तिथे पूर्वी आडवणे नावाचं गाव होतं. हेमांगी त्याच गावची. गाव उठवायची वेळ आली तेव्हा तिने धडपड करून, भांडून, नव्या आडवण्यासाठी पश्चिमेचा उतार मिळवला होता. तिच्या गणिताप्रमाणे साऱ्या जिल्ह्यात तेवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. आपल्या माणसांसाठी आपण एवढं केलं, याचा तिला अभिमान होता.

"पूर्वेला आता तलाव दिसतोय," मुकादम म्हणाले.

"शहराला पाणी नको का?" बर्दापूरकर म्हणाले. "तिथे बांधकामाला बंदी. मोकळी जागा वाया कशाला घालवायची?"

"तलावाच्या वजनाने आणि मुरणाऱ्या पाण्याने खालचा जुना भ्रंश जागा झालाय. हे बारीक धक्के तिथलेच आहेत." मुकादमांनी परातीच्या ओल्या काठावर टिचकी मारली. तरंग उलटे धावले, कड्याला वळसा घालून अलीकडे आले आणि हेमांगीच्या पदरावर पाणी उडालं.

तिला एकदम पश्चिमेच्या उतारावरचं नवं आडवणे आठवलं. हे गणित तिला सुचायला हवं होतं. जाताना जी वाट, येतानाही तीच, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवत असे.

"मग द्रव थिजवून टाकू," ती म्हणाली. "लाट सरळ जाऊ दे. सगळ्यांना थोडा थोडा धक्का बसेल."

"शहर कसं बांधलंय ठाऊक आहे ना?" बर्दापूरकरांचा आवाज खाली आला. "धक्का बसणारच नाही म्हटल्यावर बिल्डरांनी लोखंड निम्म्यावर आणलं. आपणच परवानगी दिली. थोडा धक्कासुद्धा झेपायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अण्णाचा, थोरल्या भावाचा फोन आला.

"हेमे, कौल झालो. आजपासून गावपळण. तू येतस काय रवाक?"

काही वर्षांनी एकदा देव कौल देई आणि सगळा गाव, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राही. मागे चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला, की परत. नव्या जागेतही त्यांनी ही रीत सोडली नव्हती. यंदा खाडीकाठच्या सुरूच्या बनात झावळ्यांच्या खोपी बांधल्या होत्या.

"काम आहे रे अण्णा."

"बरा. देवाक सांगतंय तसा. आणि आमच्या घराकडे लक्ष ठेव हां, तू थयच वर आसस."

ती हसली. फोन ठेवला आणि नियंत्रण कक्षात गेली. मुकादम आधीच पडद्यासमोर बसले होते.

पूर्वेच्या नोंदयंत्रांची रेघ थरथरली तेव्हा दुपारचा चहा नुकताच आला होता. मुकादम ताडकन उठले.

"अनुतरंग! मोठा आहे. तलावाकडून येतोय."

अवतरंग मागून येत होता. मधे काही सेकंद होते. हेमांगीसमोर थिजद्रवाचं बटण होतं. दाबलं, की कडं खडक होणार, लाट शहरातून सरळ जाणार.

"थिजवा!" मुकादम ओरडले. "पश्चिमेला गाव आहे!"

शहरात सहा लाख माणसं होती, निम्म्या लोखंडाच्या इमारतींत. तिचा हात बटणावर होता. मग तिला आठवलं, आणि तिने तो उचलून घेतला.

"गाव रिकामं आहे," ती म्हणाली. "आज गावपळण आहे."

शहराला काही कळलंसुद्धा नाही. कक्षातल्या चहावर साय जशी होती तशीच राहिली. पश्चिमेच्या यंत्राची रेघ मात्र कागदाबाहेर गेली. नव्या आडवण्यातलं एकही घर उभं राहिलं नाही. देऊळ पडलं. विहिरी बुजल्या. खाडीकाठी लोक जमिनीवर आडवे झाले, गुरं हंबरली, दोन खोपी पडल्या. मेलं कुणीच नाही.

हेमांगी खुर्चीत बसून रडली. सुटकेचं रडू होतं ते. मुकादमांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि योग्य केलंत म्हणाले. ते खरंच योग्य होतं.

तिने अहवालात सगळं सरळ लिहिलं: तलावामुळे भ्रंश जागा झाला आहे, असे धक्के पुन्हा येतील, तलाव रिकामा करावा, नाहीतर शहरातल्या इमारती बळकट कराव्यात. गाव रिकामं होतं म्हणून जीवितहानी टळली, हेही लिहिलं.

बैठकीत बर्दापूरकरांनी शेवटचं वाक्य तेवढं मोठ्याने वाचलं.

"तलाव रिकामा केला तर शहर पिणार काय? इमारतींना हात लावायचा तर सहा लाख लोकांना ठेवायचं कुठे? बाईंनीच वाट दाखवलीय. गाव रिकामं असलं की कुणी मरत नाही. मग रिकामंच ठेवू."

"ती माणसांची घरं आहेत!" हेमांगी उभी राहिली. "मी एका दिवसाबद्दल लिहिलंय."

"लाट दिवस बघून येणार आहे का?" त्यांनी अगदी समजुतीने विचारलं. "वाटा कुठेतरी पडणारच, हे तुमचंच शास्त्र आहे ना?"

मुकादम मान खाली घालून बसले होते. आडवण्याचा सगळा उतार तरंगक्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि वेशीवर तार ओढली गेली.

ते सांगायला ती स्वतः सुरूच्या बनात गेली. चौथा दिवस उलटून गेला होता. देवाने परतीचा कौल दिला होता आणि लोक बोचकी बांधून बसले होते. अण्णाने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आमचो देव तीन दिवसांनी घराक जावक सांगता," तो म्हणाला. "तुमच्या देवाक कौल खय लावतत, ता सांग. मी जातंय."

अण्णाने बायकोकडे पाहिलं. ती तीन दगडांच्या चुलीपाशी एका फुटक्या ताटलीत पीठ मळत होती.

"घरातला एक भांडा रवला नाय," तो म्हणाला. "आयेची परात तुझ्याकडे आसा मा? ती तेवढी धाडून दी."

तिने त्याच संध्याकाळी ती पोहोचवली.

पुढच्या आठवड्यात मंत्री अभिनंदनाला आले. कार्यालयाने स्टीलची नवी कोरी परात आणली होती. हेमांगीने काठावर टिचकी मारली, तरंग कड्याला वळसा घालून गेले, आतलं पाणी हललं नाही. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबलही या वेळी कोरडं राहिलं. बर्दापूरकरांनी पलीकडच्या काठाखाली आधीच एक फडकं घालून ठेवलं होतं.