समोरची टॉफी

पाऊस कोसळला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत साखर होती. कागदी पिशव्यांतली, काठोकाठ भरलेली. रस्त्याच्या पलीकडे तिचं दुकान दिसत होतं – खिडकीत ओळीनं मांडलेल्या बरण्या, त्यांतल्या लाल-पिवळ्या-हिरव्या गोळ्या, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले बाबा. पण या सरींतून पळत जायचं म्हणजे दुकानात पोचेपर्यंत साखरेचा पाकच व्हायचा. समोर दिसलं त्या पत्र्याच्या छपराखाली ती शिरली, पिशव्या पोटाशी कवटाळल्या, कपाळावरचं पाणी खांद्यानं पुसलं... आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण कुणाच्या छपराखाली उभ्या आहोत ते.

टॉफीवाल्यांच्या!

तिच्या जन्माआधी ही दोन्ही दुकानं एकच होती. तिचे बाबा आणि टॉफीवाले काका, दोघे जिवाभावाचे दोस्त, एकाच शेगडीवर काम करायचे. मग कुठल्याशा दमट दिवसांत मोठ्या बरणीचं झाकण उघडं राहिलं, आतल्या गोळ्यांना पाणी सुटून त्यांचा एकच भलाथोरला गोळा झाला, आणि झाकण कुणी उघडं टाकलं यावरून दोघांचं असं काही वाजलं की काकांनी रस्ता ओलांडून आपलं वेगळं दुकान थाटलं. इकडे कडक गोळ्या, तिकडे मऊ टॉफी. पुन्हा बोलणं म्हणून झालं नाही. गेल्या थंडीत काका वारले आणि तेव्हापासून हे दुकान बंदच होतं.

निदान तिला तरी तसं वाटत होतं. तेवढ्यात तिच्या पाठीमागे शटर करकरत वर गेलं.

"आत या ना. साखर भिजेल."

"मी या दुकानात पाऊल टाकत नाही," ती मागे न बघताच म्हणाली.

"बरं. मग साखरेला तरी येऊ द्या."

आता मात्र तिनं वळून पाहिलं. उंच, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, केसांत कोळिष्टक. आणि हसताना समोरचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला... काकांच्या मुलाचा तो दात तिनं कुठेही ओळखला असता.

"चिकट्या?"

"कडक! तूच ना?" तो इतका मोठ्यानं हसला की तिनं घाबरून रस्त्यापलीकडे पाहिलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. इकडेच बघत.

तरी तिनं साखर त्याच्या हवाली केली. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हाताची घडी घालून. तो आत, ती बाहेर, मधे पत्र्यावरून गळणारी पाण्याची झालर.

"शाळेत पाण्याच्या टाकीमागे भेटायचो, आठवतं?" त्यानं विचारलं.

"नाही बाई. मला काही आठवत नाही."

सगळं आठवत होतं. मधल्या सुट्टीत ती खिशातून लाल गोळ्या आणायची, तो टॉफी. त्याच्या खिशातल्या उबेनं टॉफी नेहमी पाघळलेली असायची, कागद सोलताना बोटांना तारा सुटायच्या, आणि म्हणूनच सगळी शाळा त्याला चिकट्या म्हणायची. ती टॉफी टाळ्याला चिकटून बसायची. जिभेनं हळूहळू सोडवत राहायचं, वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तरी तोंड उघडायचं नाही. आणि तो तिची लाल गोळी गालात धरून जीभ लाल झाली का, हे तिलाच विचारायचा. "दाखव... अजून नाही. चोख." एक दिवस बाबांना तिच्या फ्रॉकच्या खिशात टॉफीचा कागद सापडला. ते रागावले नाहीत. कागद नीट घडी घालून त्यांनी शेगडीत टाकला. त्यांचं ते न बोलणं तिला फार लागलं. नंतर लवकरच त्याला शिकायला मावशीकडे पाठवलं, दूरच्या शहरात, आणि टाकीमागची जागा इतर मुलांनी बळकावली.

"आता काय करतोस?"

"पुलांचे नकाशे काढतो. इथे दुकान रिकामं करायला आलोय. चष्मेवाला घेतोय ते."

"म्हणजे... विकलंस?"

"जवळजवळ." त्यानं केसांतलं कोळिष्टक झटकलं. मग एकदम म्हणाला, "तू अजून तशीच दिसतेस. तोंडात गोळी लपवल्यासारखी."

"पाऊस थांबला," ती म्हणाली. "साखर दे."

"येऊन घे की."

ती जागची हलली नाही. शेवटी तोच बाहेर आला. पिशव्या देता-घेता बोटाला बोट लागलं, आणि दोघांनाही पिशवी नीट धरायला जरा वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर पाक ओढत होती. बाबांचा खांदा आखडल्यापासून हे काम तिचंच. गरम पाकाची वेटोळी आकड्यावर टाकायची, ओढायची, पुन्हा टाकायची, हळूहळू तो रेशमासारखा चमकायला लागेपर्यंत. तेवढ्यात बाबांनी नाक वर केलं.

"आच मोठी ठेवली गाढवानं."

"कुणी?"

"दूध करपतंय. लोणीही. समोर."

ती खिडकीशी गेली. समोरच्या दारातून निळसर धूर येत होता. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी बरणी पुसायला घेतली, जी स्वच्छच होती. मग तिनं पाक तसाच सोडला, ॲप्रनला हात पुसले आणि रस्ता ओलांडून तडक आत शिरली. आपण पहिल्यांदाच इथे पाऊल टाकतोय हे तिला शेगडी बंद केल्यावर कळलं.

"अरे, पातेल्यात बघायचं सोडून काय बघत बसला होतास?"

"तुझ्या खिडकीत," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती पातेल्यावरच ओरडली. मग कळलं ते असं – त्याच्या आईला, काकूंना, टॉफी हवी होती. याच शेगडीवरची, दुकान जायच्या आधी शेवटची एकदा. पण त्या दुकानात यायला तयार नव्हत्या. काकांची रिकामी खुर्ची त्यांच्यानं बघवत नव्हती.

"मी म्हटलं, मी करून आणतो. लहानपणी रोज बघायचो गं. बघून येतं असं वाटलं होतं."

"सरक," ती म्हणाली.

तिनं केलेली टॉफी मात्र दगडासारखी झाली. तिचा हात पडला गोळ्यांचा, मऊ काही त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं तुकडा दाताखाली धरला, कट्टकन आवाज झाला, आणि गाल धरून तो म्हणाला, "कडक, ही टॉफी नाही गं. ही तूच आहेस." हसता हसता ती मटकन काकांच्या खुर्चीत बसली, आणि बसली हे उमगताच चटकन उठली.

"बस ना," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणीतरी बसलेलं बरं वाटलं."

त्या दिवशी बाबा जेवताना खाली मान घालून बसले होते. आता बोलणी बसणार म्हणून ती वाट बघत होती.

"दूध कधी घातलं?" बाबांनी विचारलं.

"अं?"

"दूध आधी आटवायचं. निम्मं होईपर्यंत साखरेला हात लावायचा नाही. तुझा काका नेहमी घाई करायचा. मीच ओरडायचो त्याच्यावर." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "त्याची टॉफी चांगली व्हायची ती माझ्या ओरडण्यामुळे."

तिच्या मनात किती दिवस होतं ते तिनं विचारून टाकलं. "बाबा, काका गेले तेव्हा तुम्ही का नाही गेलात?"

"गेलो होतो. त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत." बाबांनी ताटातलं एक शीत बोटानं कडेला सारलं. "पुढे पाय उचलेना."

सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला. तिला न सांगताच रस्ता ओलांडला. ती मागोमाग धावली तोवर ते काकांच्या खुर्चीत बसून त्या बिचाऱ्याला दम भरत होते.

"झाकण मी उघडं टाकलं नव्हतं. हे आधी ऐकून ठेव."

"बाबाही हेच म्हणायचे."

"म्हणणारच तो! ढवळ आता. तळापासून ढवळ. घाई करशील तर चमचा हिसकावून घेईन."

दुपारपर्यंत दुकानभर तो वास पसरला... दुधाचा, लोण्याचा, तांबूस होत जाणाऱ्या साखरेचा. बाबांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मान फिरवली. मग "काकूंना मीच नेऊन देतो," असं म्हणून पुडी घेऊन निघून गेले. या वेळी ते कोपऱ्यावर थांबले नाहीत. काकूंनी दार उघडलं, पुडी हुंगली आणि भांडायच्या सुरात म्हणाल्या, "किती उशीर केलात हो!" आणि त्यांना आत घेतलं.

इकडे ती दोघं उरलेली टॉफी कागदात गुंडाळत होती. दोन्ही टोकांना पीळ, की झाली. बाहेर पुन्हा बारीक पाऊस लागला होता.

"कधी जातोस?"

"रविवारी."

तिनं पीळ इतका जोरात दिला की कागद फाटला.

"काहीतरी बोल की, कडक."

"काय बोलू? कागद पातळ आहेत."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. आणि दुसरा कागद घेतला. तोही फाटला.

शनिवारी चष्मेवाला किल्ल्या घ्यायला आला. कपाटं गेली, तराजू गेला, फळ्या निघाल्या. मागे राहिलं ते फक्त मोठं तांब्याचं पातेलं. "चष्मेवाल्याला ते काय कामाचं?" बाबांनी दारातूनच हुकूम सोडला. "आपल्याकडे आणा."

म्हणून दोघांनी एकेक कान धरला आणि पातेलं उचललं. रस्ता ओला होता, पावलं जपून पडत होती. अर्ध्या रस्त्यात तो थांबला.

"जड झालं?" तिनं विचारलं.

"नाही. बोलायचंय."

"इथे? रस्त्यात?"

"इथेच. आता तुझे हात अडकलेत, तुला पळता यायचं नाही." त्यानं श्वास घेतला. "इथल्या नदीवर पूल होतोय. मी ऑफिसला कळवलं, ते काम मला द्या म्हणून. दिलं त्यांनी. पुढच्या महिन्यात येतोय."

"पुलासाठी?"

"पुलासाठी कोण येतंय गं इतक्या लांबून..." एक सायकलवाला घंटी वाजवत बाजूनं गेला. तो जाईपर्यंत थांबून मग त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुझ्यासाठी येतोय. मला तू आवडतेस. तू पावसात छपराखाली आलीस त्या दिवसापासून वर माळा आवरत होतो, पण जीव सगळा खिडकीत. दुकान गेलं याचं वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण तू इकडे आणि मी तिकडे, हे... हे मला पुन्हा नको."

तिनं आपल्या बाजूचा कान सोडला. पातेलं धाडकन रस्त्यावर टेकलं.

"अरे, पोचवा ते आधी!" बाबा दारातून ओरडले. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"एका अर्थी तुमचाच," तो पुटपुटला, आणि तिला हसू आवरेना. हसतच तिनं त्याचा मोकळा हात धरला, भर रस्त्यात, बाबांच्या देखत.

"पूल झाल्यावर काय करशील?" तिनं विचारलं.

"नदी लांबलचक आहे. दुसरा काढीन."

"आणि नदी संपली तर?"

"तर तुझ्या दुकानात पाक ओढीन. शिकवशील?"

"ओरडीन खूप."

"ओरड."

"मग ये," ती म्हणाली, आणि तेवढं म्हणताना तिचा आवाज अगदी मऊ झाला. "लवकर ये... मीही खिडकीतच असते रे. पहिल्या दिवसापासून."

पलीकडून एक हातगाडी येत होती. गाडीवाला थांबला, त्यानं दोघांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि तो गाडी वळवून त्यांना वळसा घालून निघून गेला.