उलटी चढणारी मोटार

कंदील जरा बारीक करा. तेल वाचवायला नव्हे. त्याच्याभोवतीचे किडे माझ्या चहात पडतात.

त्रिंबक, तुम्ही शाळामास्तर आहात. भुतावर विश्वास नसणं हा तुमच्या नोकरीचाच भाग आहे. माझाही नाही. तीस वर्षं तहसिलीत कारकुनी केली. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं मानण्याची सवय आहे. ही गोष्ट मात्र मला आश्रुबानं सांगितली, आणि आश्रुबा खोटं बोलत नाही. तेवढी कल्पनाशक्ती त्याच्यात नाही.

आश्रुबा म्हणजे नेकनूरच्या ईश्वरप्पांचा ड्रायव्हर. ईश्वरप्पा कापडाचे व्यापारी. सकाळी कपाळभर विभूती, दिवसभर हातात गज. त्यांनी एका साहेबाच्या बदलीच्या वेळी त्याची मोटार घेतली, तेव्हा तिच्याबरोबर हॅन्डल, पाण्याची बादली आणि आश्रुबा अशा तीन वस्तू आल्या. चौदा वर्षांत बादली दोनदा बदलली.

त्या मोटारीची एक खोड तुम्हाला आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली, आणि पेट्रोल इंजिनात जाणार ते आपल्या पायानं, म्हणजे उतारानं. सपाटीवर ठीक. पण चढावर मोटारीचं नाक वर झालं की पेट्रोल मागंच राही आणि इंजिन बंद पडे. म्हणून मोठा घाट ही मोटार उलटी चढायची. तोंड खाली बीडकडे, पाठ वर मांजरसुंब्याकडे. आश्रुबा मान मागं वळवून मधलं पेडल दाबून धरायचा आणि मोटार पाठीनं घाट चढायची. बसलेल्यांना आपण कुठं चाललो ते दिसत नसे, कुठून आलो ते दिसे. सरकारी नोकरीत मला याची सवय होती, बाकीच्यांना मळमळायचं.

आता मोटार म्हातारी झालेली. पेडल दाबलं की चाकाची पकड घेणारे आतले पट्टे झिजलेले. मी सांगतोय त्या साली पावसाळ्यानंतर दोनदा ती घाटात बसली आणि बैल लावून वर ओढावी लागली. दुसऱ्या वेळी नेमका बाजाराचा दिवस. ईश्वरप्पा मोटारीत, मोटार बैलांमागे, आणि नेकनूरचा सगळा बाजार दोन्ही बाजूंना उभा. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा ईश्वरप्पांनी ठरवलं, ही काढायची आणि नवी घ्यायची. एवढंच काम होतं त्या दिवशी. हैदराबादहून एक एजंट नवी मोटार दाखवायला बीडला आला होता. जुनी तोच घेऊन जाणार होता, मोडीत.

भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते याची मला कल्पना आहे. पण नाइलाज आहे. त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी होती, मंगळवार. सरकारी दप्तरात फसली तेराशे चव्वेचाळीसचा बहमन महिना. चार वर्षं झाली.

बीडला एजंटानं घातलेल्या मांडवात नवी मोटार उभी होती. एजंटानं आश्रुबाला चाकावर बसवलं. पेडलं तिच्यातही तीनच. पण साहेब बदलला की कचेरीत होतं तसं झालेलं: खुर्च्या त्याच, माणसांची कामं वेगळी. जुन्या मोटारीत उजवं पेडल म्हणजे ब्रेक. नवीत उजव्या पेडलानं मोटार पळते. आश्रुबानं थांबवायला म्हणून ते दाबलं आणि मांडवाचा एक खांब घेऊन मोटार लिंबाखाली गेली. घाबरून त्यानं आणखी जोरात दाबलं. लिंब मजबूत होता.

एजंट कपडे झटकत आला आणि हसून ईश्वरप्पांना म्हणाला, "फिकर नक्को सेठ. नवी मोटर के साथ नवा डरेवर बी दिला देंगे."

आश्रुबा पन्नाशीचा. त्याला तीच एक मोटार येत होती. ती मोडीत गेली की हाही गेला. ईश्वरप्पांना ते ठाऊक होतं, म्हणून परत निघताना ते त्याच्याकडे न बघता मोटारीत बसले. एजंट दुसऱ्या दिवशी सकाळी नेकनूरला नवी मोटार घेऊन येणार, असं ठरलं.

घाटाच्या पायथ्याला आले तेव्हा साडेनऊ झाले होते. चंद्र डोंगराला टेकला होता. आश्रुबानं मोटार उलटी फिरवली, आणि तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मालक, पट्टे नवे घाला, टपाचं कापड नवं घाला. आजून धा वर्सं चालवून दावतो."

"आन् बैलं?"

"बैलं न्हाई लागणार."

ईश्वरप्पा व्यापारी माणूस. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "ठीक हाय. आज बैलं न लावता वर गेली तर एजंटाला वाटंला लावतो. न्हाई गेली तर उद्या तू बी मोकळा, ती बी मोकळी."

अंधारात उलटं चढायचं म्हणजे मागं उजेड पाहिजे. मोटारीचे मोठे दिवे पुढं, म्हणजे खाली, दरीकडे. मागं एक लाल दिवा, तो पोलिसाला दाखवण्यापुरता. म्हणून एकानं कंदील घेऊन मोटारीच्या मागं, म्हणजे वरच्या अंगाला, चालायचं आणि रस्ता दाखवायचा. तिसरं माणूस नव्हतं. कंदील ईश्वरप्पांनी घेतला. देहानं भारी माणूस. वीस पावलांवर थांबायचे, दम खायचे, पुन्हा चालायचे.

या घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक धोंडा आहे. रस्ता फोडताना तिथं एक खडी फोडणारा मजूर सुरुंगात गेला. मी त्या कामाचं दप्तर पाहिलंय. लागलेल्या दारूची नोंद आहे, तुटलेल्या दोन पहारींची आहे. माणसाची नाही. तेव्हापासून वळणावर तो दिसतो म्हणतात, आणि प्रत्येक गाडीवाला, मोटारवाला त्या धोंड्यावर एक पेटवलेली बिडी ठेवून पुढं जातो. मोठमोठ्या अंमलदारांचे ड्रायव्हर ठेवतात. अंमलदार तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात.

आश्रुबानं चौदा वर्षांत एकदाही ठेवली नाही. मी विचारलं होतं, कावून ठेवत नाहीस? म्हणाला, "जित्ता व्हता तवा त्याला कुणी बिडी दिली न्हाई. आता भ्याले म्हून देत्यात. म्या भिऊन कुणाला काई देत न्हाई."

तर मोटार चढायला लागली.

पहिलं वळण झालं. पट्टे करकरत होते. जळक्या वासानं नाक भरलं. पण ती चढत होती. आश्रुबाची मान उजव्या खांद्यावरून मागं, नजर कंदिलावर. बाकी सगळा काळोख. चंद्र गेला होता.

दुसऱ्या वळणाला कंदील दिसेनासा झाला. वळणच होतं ते. वळल्यावर पुन्हा दिसला. आश्रुबा त्याच्या मागं निघाला.

थोडं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, मालक थांबत नाहीत.

वीस पावलं झाली. चाळीस झाली. कंदील थांबला नाही.

त्याला वाटलं, बरं आहे. बैल लागू नयेत म्हणून मालकांनीही जोर धरलाय.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. कंदील हलत नव्हता.

माणूस कंदील घेऊन चालतो तेव्हा तो झुलतो. त्याच्या पायांच्या सावल्या रस्त्यावर कात्रीसारख्या उघडतात, मिटतात. तुम्ही आत्ता घरी जाल तेव्हा बघा.

तिथं सावल्या नव्हत्या.

उजेड होता. जमिनीपासून हातभर. सरळ रेषेत जात होता…

तिसरं वळण आलं. तिथं रस्ता डावीकडे वळतो. समोर काही नाही. म्हणजे दरी आहे.

कंदील वळला नाही. तो समोर गेला. रस्ता संपतो तिथं गेला. तिथून आणखी चार हात पुढं गेला… आणि थांबला.

आश्रुबानं ब्रेक दाबला.

"मालक, रस्ता डावीकडं हाय."

त्यानं पुन्हा हाक मारली, "मालक."

इंजिन मंद झालं तसे दिवेही मंद झाले. त्या मोटारीचं तसंच होतं. इंजिन पळेल तेवढाच उजेड. बंद पडू नये म्हणून आश्रुबानं हातानं पेट्रोल वाढवलं. इंजिन गुरगुरलं. पुढचे दिवे भगभगून पेटले. आखडलेली मान सोडवायला त्यानं तोंड पुढं केलं.

खाली, दिव्यांच्या उजेडात, ईश्वरप्पा चढत येत होते.

धोतराचा सोगा हातात. पागोटं काखेत. दुसऱ्या हातात कंदील. विझलेला.

आश्रुबानं मान पुन्हा मागं वळवली.

तिथला कंदील तिथंच होता.

…

त्या वेळी त्याला काय वाटलं, हे मी विचारलं. म्हणाला, राग आला. मी म्हटलं, राग? तर म्हणाला, हो. दिवसभरात त्याला दोघांनी रस्त्यातून बाजूला काढायचा घाट घातला होता. हा तिसरा.

ईश्वरप्पा पायरीला धरून आत चढले. बोलायला श्वास नव्हता. दुसऱ्या वळणावर वाऱ्यानं कंदील गेला, ते कडेला बसले, आणि मोटार त्यांच्या अंगावरून जावी तशी पुढं निघून गेली. ओरडले, ते इंजिनात बुडालं. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या घटकेला त्यांनी फक्त मागं पाहिलं, तो उजेड पाहिला, आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसले.

आश्रुबा त्या उजेडाशी बोलला. मोठ्यानं नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"चौदा वर्सं ह्या घाटात उलटा चढतोय. तुझं वळण मला पाठ हाय. तिकडं रस्ता न्हाई."

उजेड हलला नाही.

"बिडी पायजे आसंल, तर न्हाई देणार. आज बी न्हाई. मोटार हितं ठिवून जाणार न्हाई, आन् तुझ्या मागं बी येणार न्हाई. रस्ता दावायचा आसंल तर नीट दाव. न्हाईतर बाजूला हो बे."

किती वेळ गेला, ते दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं. रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागलं होतं, एवढं दोघांनाही आठवतं.

मग उजेड मागं आला. दरीवरून रस्त्यावर आला. डावीकडे वळला… आणि चालू लागला.

वीस पावलं गेला. थांबला. जसे ईश्वरप्पा दम खायला थांबत, तसा.

आश्रुबानं मधलं पेडल दाबलं. पट्ट्यानं पकड घेतली. मोटार चढली.

चौथं वळण. पाचवं. माथा.

माथ्यावर आले तेव्हा मागं काळोख होता. आश्रुबानं मोटार थांबवली, काडी ओढली आणि मागं जाऊन बघितलं. रस्ता मोकळा. मागच्या डाव्या मडगार्डवर एक बिडी होती. पेटवलेली. मोटारीकडे तोंड करून, माणसानं माणसापुढं ठेवावी तशी ठेवलेली.

ईश्वरप्पा बिडी ओढत नसत. आश्रुबाही नाही.

"झटकून टाक," ईश्वरप्पा आतून कुजबुजले.

"न्हाई," आश्रुबा म्हणाला. "म्या कदी दिली न्हाई, मग घ्यायची बी न्हाई आन् फेकायची बी न्हाई. त्याची हाय. जळू द्या."

त्यानं मोटार सरळ फिरवली आणि नेकनूरला आणली. त्या रस्त्याला खड्डे किती आहेत हे तुम्ही जाणता. बिडी पडली नाही. दारात आल्यावर राख झाली.

सकाळी एजंट आला. नवी मोटार पुसून चकचकीत केलेली. ईश्वरप्पा ओट्यावर बसून होते. त्यांनी एकच विचारलं.

"उलटी चढती का?"

"उलटी कायकू, सेठ? सीधी चढती."

"मग न्हाई."

एजंटानं पुष्कळ समजावलं. त्यांनी चहा पाजला आणि वाटंला लावला. मला मागाहून म्हणाले, "सरळ चढणाऱ्या मोटारीचे दिवे पुढचं दावतात. मागं कोण राहिलं, ते दावत न्हाईत. म्या मागं राहिलोतो."

जुनीचे पट्टे नवे घातले. टपाचं कापड नवं. रंग नवा. आता नवीन काय नाही तिच्यात, ते आश्रुबालाच ठाऊक. तो अजून तीच चालवतो. घाट उलटाच चढतो. धोंड्यावर अजूनही बिडी ठेवत नाही.

फक्त मागच्या डाव्या मडगार्डवर बोटाएवढी एक जागा आहे. तिथं रंग धरत नाही. चार वर्षांत तीनदा दिला. औरंगाबादेहून कारागीर आणून दिला. महिन्याभरात पापुद्रा सुटतो.

मोटार आज रात्री इथंच, बाजाराच्या लिंबाखाली उभी आहे. त्रिंबक, तुम्ही पहाटे फिरायला जाताच. उद्या जाऊन हात लावून बघा. ऊन पडायच्या आधी जा, सगळा पत्रा दवानं गार असतो तेव्हा.

तेवढी जागा कोरडी असते. आणि गरम.