शब्ददाता

इंग्रजी शब्द पाठ करणारं आता पुण्यात कुणी उरलं नव्हतं. शब्द रोपून मिळत. डोक्यावर जाळीची टोपी चढवून तासभर पडून राहायचं; उठताना एखाद्या विद्वानाची सगळी शब्दसंपदा आपली झालेली असे. ज्याच्या मेंदूतून ती उतरवून घेत, त्याला शब्ददाता म्हणत.

मृदुला तांबोळकरची जिनिव्हाला दुभाषी म्हणून निवड झाली ती या शब्दरोपणाच्याच जोरावर. निघायच्या आधी सराव करताना ‘रिमोर्स’, म्हणजे केल्या कर्माचा सल, हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिच्या तळहातांना एका लहान मुलीची ओली, कोवळी मान जाणवली. पाण्याखाली ती धडपडत होती. मग थांबली.

मृदुलाने तडक शब्दरोपण केंद्र गाठलं.

“शब्द मेंदूत एकटा राहत नाही,” डॉ. कामतेकर म्हणाल्या. “त्याला उच्चाराचा धागा असतो, अर्थाचा असतो आणि तो ज्या प्रसंगी मनावर कोरला गेला, त्या प्रसंगाचाही. प्रसंगाचा धागा आम्ही कापतो. पण काही शब्द माणूस जन्मात एकदाच मनापासून वापरतो. तिथे अर्थ आणि प्रसंग एकच असतात. कापला की शब्दच मरतो.”

“म्हणून कापला नाहीत?”

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

“दाता कोण होता?”

“इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. वारले ते.”

“त्यांनी एका मुलीला बुडवलंय, मॅडम.”

“हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. रोपण काढता येईल, पण सगळं इंग्रजी जाईल. तुमचं मूळचंसुद्धा, ते आता त्याच जाळ्यात गुंतलंय.”

म्हणजे जिनिव्हा गेलंच. मृदुलाला ते झेपणारं नव्हतं. पोलिसांना सांगून टाकलं की ओझं ज्याचं त्याच्या माथी जाईल, असं मनाशी म्हणत ती चौकीत शिरली.

इन्स्पेक्टर बाबरांनी शांतपणे ऐकलं. “विहीर होती,” ते म्हणाले. “मुलीचा फ्रॉक पिवळा.”

मृदुला दचकली. फ्रॉकचं ती बोललीच नव्हती.

“बढतीसाठी मीही त्याच दात्याचं रोपण करून घेतलं,” बाबर म्हणाले. “मुलगी खरी होती. प्राध्यापकांची पुतणी. पाय घसरून पडली अशी नोंद आहे. पुरावा काही नाही, आठवतं मात्र हजारोंना. रोज कुणी ना कुणी इथे येऊन बसतं.”

“त्यांना काय सांगता?”

“घरी जा. मेलेल्या माणसाचा गुन्हा आहे, तुमचा नाही.”

मृदुला उठली. दारापाशी तिने प्राध्यापकांचा चेहरा आठवून पाहिला. त्या आठवणीत तो कुठेच नव्हता. स्वतःचा चेहरा कुणाला दिसत नसतो. दिसत होते फक्त दोन हात, आणि ते आतून जाणवत होते.

ती परत येऊन बसली.

“लिहून घ्या, साहेब. मी केलं.”

बाबरांनी उठून दार लोटून घेतलं.

“हळू बोला,” ते म्हणाले. “मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही.”