एकाच मापाने

"भरता घडले वीत लावानी नही, माय. लेकरूले ते नहीच नही," असं भिकुबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांची सून प्रमिला हसली होती. जळगावातल्या मेहरूणच्या त्या घरात केळीच्या वाढत्या घडाचं माप कुणी घेत नसे. घड तिथेच थांबतो म्हणत.

"अक्का, मी हिलालला कुठं मापतेय? त्याच्या गालातली पेशी मापतेय. डोळ्याला दिसतसुद्धा नाही ती."

"दिसत नही ते मापतीस कशाले?"

बी.एस्सी. झालेली प्रमिला कामाला लागली.

नवऱ्याला, भाईदासला, तो शिकवायचा त्या शाळेतल्या वर्गासाठी तक्ता हवा होता. प्रमिलाने धुळ्याहून, माहेरून आणलेला सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला. कांद्याचा पापुद्रा, स्वतःच्या आणि तान्ह्या हिलालच्या गालातली खरवड, बोट टोचून रक्ताचा थेंब. सगळं एकाच मापाने कागदावर काढलं. कांद्याची पेशी विटेएवढी, मायलेकाच्या लाडवाएवढ्या, रक्तातली तुरीच्या दाण्याएवढी.

"लेकाची तुझ्याएवढीच?" भाईदासने विचारलं.

"मग! बाळाच्या पेशी लहान नसतात, कमी असतात."

तक्ता शाळेत गेला. पुढच्याच आठवड्यात हिलालच्या पायातला वाळा आपसूक गळून पडला. पाय भरलाय म्हणून तोच वाळा ती सोनाराकडून वाढवून आणणार होती.

डॉक्टर म्हणाले, "वजन ठीक आहे. पहिलटकरणी सगळ्या अशाच घाबरतात."

तिने पुन्हा खरवड घेतली. हिलालची पेशी आता लिंबाएवढी भरली. भिंग पुसलं, काच बदलली, शाई बदलली. लिंबूच. चार दिवसांनी बोराएवढी. आतलं केंद्रक मात्र होतं तेवढंच, जागा न पुरणारं.

"भिंग सरकलं असेल," भाईदास म्हणाला.

"मग कांदा कसा नाही सरकला? माझी पेशी कशी नाही सरकली?"

"तू जरा झोप काढ बघू."

डॉक्टर वजनकाट्याकडे बघायचे, नवरा तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. भिंगाला डोळा लावायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी मूळ माप ताडून बघायला ती शाळेत गेली. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. तक्ता फळ्याशेजारी होता.

कांदा विटेएवढाच होता.

हिलालची पेशी त्याहून मोठी झाली होती.

तिने आधी आखून घेतलेलं पेन्सिलीचं वर्तुळ शाईच्या रेघेच्या कितीतरी आत राहिलं होतं.

फाडायला तिने हात उचलला.

फाडलं, तर काय फाटेल?

तिची किंकाळी ऐकून भाईदास धावत आला. संध्याकाळी भाऊ तिला न्यायला आला, विश्रांतीसाठी. "बाळाला प्रवास नको" म्हणून हिलालला ठेवून घेतलं. निघताना भिकुबाईंनी दुसरा वाळाही तिच्या मुठीत दिला.

"हाऊ तुनाजोडे राहू दे. त्याले आते हाऊ मोठा व्हस."

धुळ्याच्या मोटारस्टँडवर ती अजून उभी असते. जळगावला निघालेल्या कुणालाही अडवते. तुम्ही निघाला असाल तर तुम्हालाही ती एवढंच सांगेल: "शाळेत जाऊ नका. तक्ता आता भिंतीवर मावत नसेल. तुम्ही मेहरूणला जा. पाळण्यातलं दुपटं उचला आणि आत कोणी आहे का, बघून या. नुसतं बघा हो, मापू नका."