डावा पाय

पहिल्यांदा मनगट धरलं तेव्हा यशोवर्धन "सॉरी हं" म्हणाला, आणि देवश्रीला हसू आवरेना.

"इथे सॉरी म्हणत नाहीत. इथे मान धरतात."

"अरे, तू मराठी?"

"बनशंकरीची. तीन पिढ्या बंगळुरातच. आमच्या मराठीला हसायचं नाही, आधीच सांगते."

तो खरं तर कॉलेजच्या जिमचं कार्ड मागायला आला होता. कुस्तीच्या हॉलचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावला, तर नरसिंह सरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळून एवढंच विचारलं, वजन किती? सत्तावन्न म्हणाला आणि बिचारा अडकला. देवश्रीच्या वजनाची जोडीदार मुलगी कॉलेज सोडून गेली होती, आणि पुण्याच्या तालमीत चार वर्षं काढलेला हा मुलगा आपल्या पायांनी चालत आला होता. मग दोन महिने सर्जापूर रोडवरून पहाटे दोन बस बदलून तो येत राहिला. कुस्तीसाठी, असं तो सांगायचा.

रोज खडाखडी. म्हणजे डावाआधीचं हातांचं भांडण, कुणाचं मनगट कुणाच्या मुठीत आणि कुणाची मान कुणाच्या तळव्याखाली. सर म्हणायचे, "आधी हात, मग डोकं, मग कंबर. बचावाची ही तीन दारं. तिन्ही फुटली तरच पाय गेला." दारं लावून घ्यायची देवश्रीला फार घाई असे. गेल्या वर्षी मॅटवर तिचा डावा गुडघा कट्कन फिरला होता, आणि तो आवाज तिला अजून झोपेत ऐकू यायचा. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तर बजावूनच ठेवलं होतं, पुन्हा गुडघा गेला तर कुस्ती बंद.

यशोवर्धनसमोर मात्र भीती ओसरत गेली. कपाळाला कपाळ टेकलेलं, श्वास चढलेले...

"असं डोळ्यांत बघू नकोस," ती म्हणायची.

"मग कुठे बघू?"

"कंबरेकडे. सरांनीच शिकवलंय ना—" आणि मग दोघंही लाल.

दोन महिन्यांत त्याला तिचा डावा पाय एकदाही मिळाला नाही. बचाव पक्का झाला, अशी तिची समजूत झाली.

शनिवारी विद्यापीठ संघाच्या निवडीची कुस्ती होती, धारवाडहून आलेल्या शिवलीलाशी. गुरुवारी सरांनी सरावाला दोघींना समोरासमोर उभं केलं. दहाव्या सेकंदाला शिवलीलाने देवश्रीचा डावा पाय उचलला, घरातली बादली उचलावी तितक्या सहज. सरांनी लगेच थांबवलं म्हणून गुडघा वाचला, पण देवश्री तडक मॅटवरून उतरली.

नळापाशी तिने यशोवर्धनला गाठलं.

"माझ्या डाव्या पायाला तू किती वेळा हात घातलास?"

तो नळ बंद करायला वाकला.

"खरं सांग."

"एकदाही नाही... पहिल्याच दिवशी गुडघ्यावरचे टाक्यांचे वण दिसले. धीर झाला नाही."

"दोन महिने? मी काही शिकलेच नाही मग. आणि आता शिवलीलाला ते कळलंय."

"तुला लागलेलं मला बघवलं नसतं, देवश्री. का, ते विचारू नकोस."

तिने विचारलं नाही, कारण तिला कळलं होतं. एरवी ती हवेत तरंगली असती, पण भीतीने आनंदाला जागाच ठेवली नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"उद्या सकाळी सहाला ये. डावा पाय, पूर्ण ताकदीने. जमणार नसेल तर येऊच नकोस."

तो आला. तोंड उतरलेलं, पण आला. तीन वेळा त्याने तिला पाडलं, आणि प्रत्येक वेळी तिच्यापेक्षा तोच पांढराफटक पडला. चौथ्या वेळी तिला उमगलं— भीतीने ती मागे सरकते, आणि मागे सरकताना डावा पाय तिथेच राहतो. पाचव्या वेळी ती सरकली नाही. त्याचा हात दाबून खाली ढकलला, दोन्ही पाय मागे फेकले आणि कंबरेचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकला.

"जमलं..." तो मॅटमध्ये नाक खुपसून म्हणाला.

"अजून."

शनिवारी शिवलीला चार वेळा डाव्या पायावर आली. एकदा पाय सुटला नाही, दोन गुण गेले, आणि देवश्रीला गुडघा गेल्यासारखाच वाटला. बाकी तिन्ही वेळा देवश्रीने पाय मागे फेकून सगळा भार तिच्या पाठीवर टाकला. कुस्ती संपली तेव्हा तिने सगळीकडे पाहिलं. यशोवर्धन हॉलमध्ये नव्हता.

तो बाहेर स्कूटरच्या रांगेमागे, हॉलकडे पाठ करून बसला होता. ती दिसताच त्याने आधी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"ठीक आहे ना?"

"आहे. निवडही झाली. तू पळून का आलास?"

"नाही बघवलं."

ती शेजारी बसली. डावा पाय तिने सरळ पुढे पसरला.

"तू आवडतेस म्हणून मी लबाडी केली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लबाडी पुन्हा नाही करणार. आवडणं मात्र... ते थांबवता येणार नाही."

शिवलीलासमोर उभं राहताना देवश्रीची छाती धडधडली नव्हती, इतकी आता धडधडत होती.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही. मग... नको?"

"नको कोण म्हणालं? भीत भीत का होईना, हो."