शटडाऊनची सहल

चाकणच्या कंपनीत वर्षातून एकदाच आठवडाभर शटडाऊन असायचा, तोही मेच्या अखेरीस. उद्धवरावांना मोठी सुट्टी मिळायची ती तेवढीच. त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची सहल त्यांनी त्याच आठवड्यात ठरवली.

"वादळाचं दिवस हायती उद्धवा," त्यांची थोरली बहीण शालनबाई म्हणाली.

"मग काय अक्का, वादळाला विचारून कंपनी बंद ठेवायची?"

दोघं नवरा-बायकोच गेली. मुलीचे, वर्षालीचे, दहावीचे वर्ग सुरू झाले होते, म्हणून चिखलीच्या फ्लॅटवर तिच्या सोबतीला शालनआत्या आली.

ते निघाले त्या दिवशी अकरा वाजता आईचा फोन आला. "पोहोचलो गं." वर्षालीने लगेच केर काढला, लादी पुसली. घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते मुक्कामी पोहोचेपर्यंत मागे झाडू फिरवायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती सकाळपासून थांबली होती.

आत्या आंघोळ करून बाहेर आली आणि ओल्या फरशीकडे बघून दारातच थबकली.

"पोचली कुठं गं? नुसती बंदरावर गेलीत. अजून जहाजात पाय बी न्हाई ठेवला..."

"त्यानं काही होत नाही आत्या."

"व्हय," आत्या म्हणाली. पण दिवसभर ती भिंतीच्या कडेकडेने चालली.

फरशी वाळली नाही. पंखा लावला, कोरड्या फडक्याने पुसली, तरी घटकाभरात ओल पुन्हा वर यायची. दुसऱ्या दिवशी फरशीला सुकटीसारखा वास येऊ लागला. टीव्हीवर वादळ वळल्याची बातमी होती. आईचा फोन लागेना. वर्षाली गुडघ्यांवर बसून पुसत राहिली. ही वाळली की ते येतील, असं तिने मनाशी धरलं होतं. फडकं पिळताना बोट ओठाला लागलं. खारट.

चौथ्या दिवशी भर दुपारी जहाज कंपनीतल्या बाईंचा फोन आला. जहाज मुंबईला परतलं होतं. वर्षालीच्या आईवडिलांची केबिन मात्र रिकामी होती. दोन दिवसांपासून, भर समुद्रात असल्यापासून, त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

स्पीकरवर ऐकणारी आत्या भिंतीला टेकून खाली बसली.

"आपण त्यांच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"मुलगी. एकुलती एक."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे घरी पोहोचलात?"

"मी घरीच आहे. मी गेलेच नव्हते."

"मग ताई..." बाईंचा आवाज अगदी खाली आला. "जहाजात चढताना सगळ्यांचा फोटो काढतात. तो माझ्यासमोर आहे. दोघांच्या मधे एक मुलगी आहे. दोघांनी तिचा एकेक हात धरलाय."

"कशी... दिसते?"

"मान खाली आहे. केस ओले आहेत. उतरतानाच्या फोटोत ती एकटीच आहे. तिने घरी जायला गाडी मागितली, चिखलीचा पत्ता दिला. सकाळी आठला निघाली. आतापर्यंत यायला हवी होती..."